भिंतीवरची पांढरी पूड : डीडीटी, हिवताप आणि स्त्रियांचे आरोग्य

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर भारतातील ग्रामीण घरांत जी कृत्रिम रसायने शिरली, त्यांपैकी डीडीटी हे शासनाच्या पुढाकाराने आणि बहुतांशी लोकांच्या संमतीने आत आले. डायक्लोरो-डायफिनाइल-ट्रायक्लोरोइथेन असे पूर्ण नाव असलेले हे द्रव्य १८७४ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते. परंतु त्याचा कीटकनाशक गुण स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला आणि त्यासाठी त्यांना १९४८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या रसायनाकडे आज विष म्हणून पाहताना ते कोणत्या संकटावर उतारा म्हणून आले, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि त्यात सुमारे आठ लाख माणसे मरत, असा तेव्हाचा अंदाज होता.

मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली १९४६ पासून कानडा आणि धारवाड या जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे काम सुरू झाले. त्यामागचे तत्त्व साधे होते : डास रक्त पिऊन जड झाला की जवळच्या भिंतीवर विसावतो, म्हणून भिंतीवरच अनेक आठवडे टिकणारे विष बसवावे. या अनुभवाच्या बळावर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आखला गेला, १९५४ मध्ये सरकारी मालकीची हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचे ध्येय जाहीर झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात उतरली; सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतके मोठे यश क्वचितच दिसते.

या यशाचा दैनंदिन भार मात्र घरातील स्त्रियांवर पडला, आणि त्याची नोंद मोहिमेच्या इतिहासात फारशी ठळक होत नाही. फवारणीच्या दिवशी धान्याची मडकी, भांडी, अंथरुणे आणि पाळणा अंगणात काढायचा, पंपवाले निघून गेले की सांडलेली पूड झाडायची आणि पुन्हा संसार आत मांडायचा, हे काम त्यांचेच होते. भिंतीवर फवारणीची तारीख लिहिली जाई. परंतु सणावारी मातीच्या भिंती लिंपल्या-सारवल्या की औषधाचा थर झाकला जाई, आणि म्हणून सारवण ही अधिकाऱ्यांच्या दृष्टीने अडचण ठरली. प्रारंभी ढेकूणही मरत असल्याने फवारणीचे स्वागत झाले. पुढे ढेकणांना डीडीटी पचू लागली, त्यांचा उपद्रव वाढला आणि अनेक घरांनी दारे बंद केली. डासांतही प्रतिकारशक्ती वाढत गेली. शेतीतील, विशेषतः कपाशीसारख्या पिकांवरील, बेसुमार वापराने तिला हातभार लावला, आणि १९७६ मध्ये देशातील हिवतापाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले.

डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. शरीरात तिच्यापासून डीडीई हे टिकाऊ द्रव्य बनते, ते मेदात वर्षानुवर्षे साठून राहते आणि बाळंतपणानंतर आईच्या दुधावाटे अर्भकाकडे जाते. अमेरिकेत मातेच्या दुधात डीडीटी सापडल्याचे १९५१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांविषयीचे अमेरिकी लेखिका रॅचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक १९६२ मध्ये आले. ते लिहीत असतानाच त्या स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

तरीही डीडीटी आणि हा कर्करोग यांचा संबंध दीर्घकाळ सिद्ध होईना. १९९३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासाने तो सुचवला, पण नंतरच्या अनेक अभ्यासांत तो आढळला नाही. त्यांतील बहुतेकांनी प्रौढ स्त्रियांच्या रक्तातील प्रमाण निदानाच्या आगेमागे मोजले होते, विष कोणत्या वयात शरीरात गेले हा प्रश्न विचारला नव्हता. कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर स्त्रियांचे रक्तनमुने जपून ठेवण्यात आले होते. त्यांवरून २००७ मध्ये असे दिसले, की डीडीटीचा सार्वत्रिक वापर सुरू झाला तेव्हा ज्या चौदा वर्षांखालील होत्या आणि ज्यांच्या रक्तात तिचे प्रमाण जास्त होते, त्यांना पन्नाशीपूर्वी स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट होता. २०१५ मध्ये याच स्त्रियांच्या मुलींचा अभ्यास झाला आणि गर्भावस्थेत अधिक डीडीटी पोचलेल्यांत हा धोका जवळजवळ चौपट आढळला. हे अभ्यास एका प्रदेशापुरते आणि मर्यादित संख्येचे आहेत. तरी स्तनाच्या ऊती घडत असतानाचा काळ, म्हणजे गर्भ, बालपण आणि वयात येण्याची वर्षे, सर्वांत नाजूक असतो, हा त्यांचा निष्कर्ष जीवशास्त्राशी जुळतो, कारण डीडीटीचा एक घटक शरीरातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा वागतो.

अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. भारताने १९८९ मध्ये शेतीतील वापर थांबवून आरोग्य मोहिमेसाठी वर्षाला १०,००० टनांची मर्यादा ठेवली. घराच्या कोपऱ्यांत मुंग्या-झुरळांसाठी टाकली जाणारी गॅमेक्सिन पावडर, म्हणजे याच कुळातील बीएचसी, १९९७ मध्ये बंद झाली. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार भारताने २००६ मध्ये मान्य केला. भिंतीत, दुधात आणि तुपात पोचलेले विष एकट्या गृहिणीच्या दक्षतेने टळणारे नव्हते. ते कमी झाले ते अशा सार्वजनिक निर्णयांमुळे.

घराच्या हाती जे आहे, तेही थोडके नाही. पाणी साठवण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडा दिवस पाळणे, डबक्यांत गप्पी मासे सोडणे, मच्छरदाणी लावणे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे हे उपाय फवारणीची आणि विषारी पुडीची गरजच कमी करतात. जिथे फवारणी अजूनही अटळ आहे, तिथे गरोदर स्त्रिया आणि मुली यांना भिंती पूर्ण वाळेपर्यंत बाहेर ठेवावे, अन्नपाणी आधीच हलवावे, आणि जुनी पूड घरात उरली असल्यास ती धान्यात वा मुलांच्या डोक्यात कदापि न घालता तिची विल्हेवाट आरोग्य केंद्रात विचारूनच लावावी.