दुसरा चारा

मराठीत ‘चारा’ हा शब्द एकाच तऱ्हेने लिहितात, पण तो दोन घराण्यांतला आहे. गुरं खातात तो चारा ‘चरणे’मधला. ‘दुसरा चारा नाही’ म्हणतो तेव्हाचा चारा फारसी, म्हणजे उपाय. मी पडलो कविता लिहिणारा, अशी गंमत दिसली की थांबतोच. मुंबईच्या दुधाच्या इतिहासात मात्र हे दोन चारे खरोखरच एकमेकांना भेटले.

स्वातंत्र्याच्या सुमारास शहरात भर वस्तीत तबेले होते. गुजरात-हरियाणाकडून दुभत्या म्हशी यायच्या आणि आटल्या की बहुतेक खाटकाकडे जायच्या. दोष खाटकाला मिळे. हिशेब होता चाऱ्याचा. विकतच्या गवतावर भाकड म्हैस पोसणार कोण?

दारा खुरोडी यांनी यावर उपाय काढला. १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. जमीन सुमारे १,२८७ हेक्टर, जनावरं सोळा हजारांच्या घरात. गोठे सरकारचे, म्हशी मालकांच्या. याच खुरोडींना १९६३ साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियनांचं नाव पोराटोरांनाही ठाऊक आहे, खुरोडींचं नाव खुद्द गोरेगावात किती जणांना ठाऊक असेल!

आरेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिथलं पॅरा गवत. मूळ आफ्रिकेचं, नाव ब्राझीलमधल्या पारा प्रांताचं. ते पाणथळ जमिनीत माजतं. गोठे धुतल्यावर शेणामुताचं पाणी वाफ्यांत सोडायचं, त्यावर गवत वाढवायचं, कापून पुन्हा म्हशींपुढे टाकायचं.

पण नुसत्या हिरव्यावर भागत नाही. पॅरा गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. पोट भरतं, ऐवज कमी पडतो. म्हणून जोडीला ठाणे जिल्ह्यातलं वाळकं गवत, पेंढा, आणि वर पेंड-चुनीचं आंबोण. मग रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातले सूक्ष्म जीव कामाला लागतात. चोथा आंबवून ते जे आम्ल तयार करतात, त्यातूनच दुधातली बरीचशी स्निग्धता येते. दुधाच्या लोभाने आंबोण वाढवलं आणि गवत कमी केलं, तर पोटात आम्लता वाढते, रवंथ मंदावतो आणि दूध पातळ उतरतं. चारा एकदम बदलला तरी पोट बिघडतं, कारण त्या जीवांनाही नव्या अन्नाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. जुने गवळी नवा चारा जुन्यात थोडा थोडा मिसळून देतात तो यासाठीच.

पुढे आरेची जमीन तुकड्यातुकड्याने इतर कामांना जात राहिली. १९७७ साली चित्रनगरी आली. २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडं तोडली, तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली, आणि उतरायलाच हवी होती. गवताच्या वाफ्यांसाठी मोर्चा निघाल्याचं मात्र मला आठवत नाही.