सेल्फ मारा! एका जुन्या बटणाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि लोकलमध्ये वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय.

आपल्याकडे गॅरेजमध्ये एक शब्द रोज ऐकू येतो. ‘सेल्फ मारून बघ रे.’ ‘सेल्फ उचलत नाहीये.’ कधी विचार केलाय, हा सेल्फ म्हणजे काय? तर पूर्ण शब्द ‘सेल्फ स्टार्टर’. म्हणजे आपली आपण सुरू होणारी गाडी. आज यात कसलं आलंय कौतुक? पण त्याआधी गाडी आपली आपण सुरू होत नव्हती, हे त्या नावातच आहे.

फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या बनल्या. ती सुरू करायची तर पुढे जाऊन रेडिएटरखालचं लोखंडी हँडल फिरवायचं. त्याआधी स्टिअरिंगजवळचा ठिणगीचा दांडा मागे घ्यायचा, चोकची तार ओढायची. हँडल डाव्या हाताने धरायचं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि खालून वर ओढायचं. एवढे नियम का? कारण ठिणगी लवकर पडली, तर पिस्टन वर पोहोचायच्या आधीच स्फोट होतो आणि इंजिन उलटं फिरतं. जुन्या बुलेटची किक ज्यांनी पिंडरीवर खाल्लीय, त्यांना जास्त सांगायला नको. इथे तो झटका मनगटावर यायचा. मनगटाजवळच्या हाडाच्या एका फ्रॅक्चरला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते यामुळेच.

आता मुख्य माणूस. चार्ल्स केटरिंग, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावचा इंजिनिअर. दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत तो कामाला होता. तिथे त्याने हाताने फिरवायच्या गल्ल्याला छोटी विजेची मोटर बसवली. गल्ल्याचा ड्रॉवर क्षणभरच उघडायचा असतो, म्हणून मोटर लहान असली तरी चालते. तेवढ्या क्षणापुरता तिच्यावर तिच्या ऐपतीपेक्षा जास्त भार टाकता येतो. सतत चालवली तर जळेल, पण चार सेकंदांत काय जळणार?

माझ्या मते सगळी हुशारी इथे आहे. गाडीचं इंजिन फिरवायला लागणारी मोटर गाडीत मावणार नाही, असा तेव्हा बऱ्याच जाणकारांचा हिशोब होता. तो दिवसभर चालणाऱ्या मोटरचा हिशोब होता. केटरिंगने गल्ल्याचा हिशोब लावला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांना ते पटलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला. तेच यंत्र आधी मोटर म्हणून इंजिन फिरवायचं आणि इंजिन चालू झालं की जनरेटर बनून बॅटरी भरायचं.

एक गोष्ट इंटरनेटवर हमखास सापडते. बायरन कार्टर नावाचे मोटार उत्पादक एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेले, हँडल उलटं बसलं, त्यात त्यांचा जीव गेला आणि मित्राच्या दुःखात लेलँडने केटरिंगला बोलावलं. गोष्ट छान आहे, पण ती १९१० ची म्हणून सांगतात आणि कार्टर गेले १९०८ मध्ये. त्यामुळे मी ती मीठ लावूनच ऐकतो.

सेल्फने आणखी एक उलथापालथ केली. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून जास्त विजेवर चालणाऱ्या होत्या. हँडल नाही, धूर नाही. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची! पेट्रोल गाडीचं सगळ्यात मोठं दुखणं सेल्फने घालवलं आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. स्वस्त पेट्रोल आणि फोर्डच्या किमती हीही कारणं होतीच, पण विजेच्या गाडीचा पाय ओढला तो एका विजेच्या मोटरनेच.

आता जरा हात काळे करू. गेल्या पावसाळ्यानंतर ओळखीच्या एका काकांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे १९२९ ची फोर्ड मॉडेल ए आहे. सेल्फ दाबला की इंजिन कण्हत अर्धा फेरा घ्यायचं आणि थांबायचं. त्यांना सल्ला मिळाला होता, ‘मोटर गेली. काढून टाका, बारा व्होल्टची नवी बसवा.’ नव्वद वर्षांहून जुनी मूळ मोटर भंगारात जायच्या बेतात होती.

अशा वेळी पहिली चाचणी फुकट असते. हेडलाइट लावा आणि सेल्फ दाबा. दिवे जराही मंद झाले नाहीत, तर करंट मोटरपर्यंत जातच नाहीये, स्विच बघा. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स बघा. हा मोटरच्या दांड्यावरचा आटे असलेला भाग. मोटर झटक्यात फिरली की त्यावरची छोटी दातेरी चक्री सरकते आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते. तिथे जुनं ग्रीस साचलं की ती सरकत नाही. आणि दिवे एकदम मान टाकत असतील, तर बॅटरी कमजोर, जोड खराब किंवा मोटर-इंजिन कुठेतरी अडकलंय.

काकांचे दिवे मान टाकत होते. बॅटरी चार्ज केलेली होती. मग मल्टिमीटर लावला. सेल्फ दाबलेला असताना बॅटरीवर ५.४ व्होल्ट आणि मोटरवर फक्त ३.५. मधले १.९ व्होल्ट गेले कुठे?

सहा व्होल्टच्या गाडीत हाच प्रश्न विचारायचा. तेवढ्याच ताकदीसाठी सहा व्होल्टला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे जवळपास १२४ अँपिअर. वाटेत ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला, तरी पाचवा हिस्सा व्होल्टेज तिथेच संपतं. बारा व्होल्टमध्ये त्याच अडथळ्यात विसावा हिस्सा जातो. म्हणून आजच्या गाडीत खपून जाणारा गंजका जोड जुन्या गाडीला आडवा करतो.

आम्ही तुकड्या-तुकड्याने मोजलं. या गाडीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चॅसिसला जोडलेली असते. तिथून इंजिनच्या अंगापर्यंत १.३ व्होल्ट जात होते, उरलेले ०.६ दुसऱ्या बाजूच्या केबलमध्ये. पट्टी उघडली तर खाली चकचकीत काळा रंग! मागच्या वर्षी चॅसिस रंगवताना रंगावरच बोल्ट आवळला होता. दुसरी केबल बारा व्होल्टच्या गाडीची, बारीक. रंग खरवडून धातू उघडा केला, इंजिन ते चॅसिस एक जादा पट्टी टाकली, जाड केबल आणली. नंतर चॅसिसच्या बाजूचं मोजमाप आलं ०.२.

काकांना मी एकच जास्तीची गोष्ट सांगितली. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक ठराविक दोनच जागी थांबतं, त्यामुळे फ्लायव्हीलचे तिथलेच दाते झिजतात. कधी नुसता खडखडाट झाला, तर इग्निशन बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून थोडी पुढे ढकलायची. नवे दाते समोर येतात. अडकलेली बेंडिक्सही बऱ्याचदा तशीच सुटते.

मग त्यांनी गिअर न्यूट्रलला घेतला, हँडब्रेक तपासला, पायाने सेल्फ दाबला. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागलं. मूळ मोटर अजून तिथेच आहे, आणि हँडल डिकीत.