सिंहल लिपीचा यंत्रप्रवेश

कोलंबो येथील डच कंपनीच्या छापखान्यात गॅब्रिएल शाडे याने सिंहल अक्षरांचे खिळे घडविले आणि १७३७ साली प्रार्थनांचे एक पुस्तक त्यांवर छापून निघाले, तेव्हा ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरता कोरता वाटोळी झालेली ती लिपी प्रथमच शिशाच्या चौकटीत शिरली. हा प्रसंग सिंहली वाङ्मयाचे इतिहासकार अगत्याने नोंदवितात. तीच लिपी पुढे अडीच शतकांनी संगणकात कशी शिरली, याची हकीकत मात्र समित्यांची इतिवृत्ते, प्रमाणसंस्थांचे मसुदे आणि विद्यापीठीय प्रयोगशाळांचे निबंध यांत विखुरलेली आहे. ती एकत्र पाहिली म्हणजे माझी तरी अशी खात्री होते की, सिंहल भाषेसाठी आज जी यंत्रसाधने उपलब्ध आहेत त्यांचे श्रेय, अक्षरांचा क्रम लावणे, शब्द वेचणे, वाक्ये जुळविणे अशा कारकुनी वाटणाऱ्या कामात वर्षेच्या वर्षे घालविणाऱ्या भाषापंडितांना आणि गणितज्ञांना जाते.

या कथेचा आरंभ संगणकाच्या आधीचा आहे. १९५६ च्या कायद्याने सिंहल ही सिलोनची एकमेव राजभाषा ठरली. त्या कायद्याने तमिळ प्रजेवर जो अन्याय केला त्याची फळे त्या बेटाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या भोगली, आणि तमिळला राजभाषेचा दर्जा मिळण्यास १९८७ ची घटनादुरुस्ती उजाडावी लागली. परंतु लिपीच्या इतिहासापुरते पाहता, इंग्रजीत चालणारा दफ्तरी पत्रव्यवहार सिंहलमध्ये आणावयाचा म्हणजे सिंहल टंकयंत्र हवे, ही निकड त्यातूनच उत्पन्न झाली. साठीच्या दशकात राजभाषा खात्याचे आयुक्त नंददेव विजेसेकर यांच्या हाताखाली कळफलकाची जी रचना सिद्ध झाली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या रचनेतील एक बाब जवळून पाहण्याजोगी आहे. सिंहलमध्ये एकाराची खूण, जिला तेथे ‘कोंबुव’ म्हणतात, व्यंजनाच्या डावीकडे लिहितात. ओकारासाठी डावीकडे कोंबुव, मध्ये व्यंजन आणि उजवीकडे आणखी एक खूण अशी तिहेरी मांडणी लागते. टंकलेखक ज्या क्रमाने डोळ्यांना दिसते त्याच क्रमाने कळा दाबी: आधी कोंबुव, मग ‘क’. मराठी टंकयंत्रावर पहिली वेलांटी आधी उमटवून मग अक्षर उमटविणाऱ्या आपल्याकडील कारकुनांना ही सवय सांगावयास नको. पुढे संगणकाच्या संकेतप्रणालीत मात्र उच्चाराचा क्रम प्रमाण मानला गेला. तेथे व्यंजन प्रथम, खूण नंतर, आणि ओकाराच्या दोन्ही बाजूंच्या खुणा मिळून एकच संकेत. हजारो टंकलेखकांच्या बोटांत मुरलेली सवय मोडावयाची नाही आणि संकेताचा क्रमही बिघडवावयाचा नाही, म्हणून मधल्या मध्ये ही अदलाबदल बिनबोभाट करणारी आज्ञावली लिहावी लागली.

१९८४ साली संसदेच्या कायद्याने संगणक व माहितीतंत्र परिषद स्थापन झाली. ‘सिंटेक’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाई, आणि कोलंबो विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक व्ही. के. समरनायके हे तिचे अध्यक्ष होते. परिषदेने भाषापंडितांना व यंत्रज्ञांना एका मेजाभोवती बसविले, आणि त्यांच्यापुढे पहिला प्रश्न आला तो वर्णमालेचाच. सिंहलची एक ‘शुद्ध’ वर्णमाला आहे, जी देशी शब्दांना पुरते. दुसरी ‘मिश्र’, जिच्यात संस्कृत-पालीतून आलेल्या शब्दांसाठी महाप्राणादी वर्ण सामावले आहेत. शिवाय मराठीत आपण ‘बॅट’ या शब्दात जो स्वर उच्चारतो, तो ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन रूपांत सिंहलच्या मूळच्या मालेत स्वतंत्र अक्षरे घेऊन बसलेला आहे. अनुनासिकाचा अर्धा स्पर्श घेऊन येणारे ग, ड, द, ब यांचे वर्णही वेगळे आहेत. ‘कन्द’ म्हणजे डोंगर, आणि त्यातला अनुनासिक आखडता घेतला की तोच उच्चार झाडाच्या खोडाचा वाचक होतो. हे सारे वर्ण कोणत्या क्रमाने मांडावयाचे, हे ठरल्यावाचून शब्दकोश लावता येत नाही, की मतदारांची यादी. त्याच दशकाच्या अखेरीस कोलंबो विद्यापीठात ‘वदन् तरुव’ हा शब्दलेखनाचा कार्यक्रम तयार झाला, आणि सिंहल मजकूर यंत्रावर लिहिता येऊ लागला.

परंतु एकमेकांशी न जुळणाऱ्या टंकांचा सुळसुळाट त्याने थांबला नाही. प्रत्येक टंककार रोमन अक्षरांच्या जागी आपल्या मनाने सिंहल आकृती बसवी, त्यामुळे एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या कार्यालयात गेला की निरर्थक रोमन अक्षरांची रास होऊन बसे. मराठी प्रकाशनव्यवसायाने हाच मनस्ताप दीर्घकाळ सोसला आहे. यावर तोडगा म्हणून १९९६ साली श्रीलंकेच्या प्रमाणसंस्थेने ११३४ क्रमांकाचे प्रमाण जाहीर केले. दरम्यान जगातील सर्व लिप्यांची एकच संकेतसारणी रचणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळापुढे सिंहलविषयी परदेशी तज्ज्ञांनी केलेल्या सूचनाही होत्या. भारतीय लिप्यांचे संच तेथे ‘इस्की’ या भारतीय प्रमाणाच्या साच्यावर मांडले गेले होते. सिंहललाही त्याच साच्यात बसविले असते, तर तिचे स्वतःचे वर्ण कोठेतरी कोपऱ्यात कोंबले गेले असते. १९९७ च्या उन्हाळ्यात क्रीट बेटावर झालेल्या बैठकीला श्रीलंकेचे प्रतिनिधी स्वतः हजर राहिले आणि त्यांनी आपल्या वर्णमालेची मांडणी संमत करून घेतली. ‘युनिकोड’ या त्या संकेतसारणीच्या १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत सिंहलची ८० चिन्हे दाखल झाली. आपल्या लिपीचा निवाडा होत असताना आपण उपस्थित असणे, ही त्या लहानशा राष्ट्राने दाखविलेली जागरूकता मला फार मोलाची वाटते.

तरीही संमत झालेल्या सारणीत ‘श्री’ हे अक्षर एकसंध नाही. ते उमटविण्यासाठी ‘श’, मग पाय मोडण्याची खूण, मग दृष्टीस न पडणारे एक जोडचिन्ह, मग ‘र’ आणि शेवटी दीर्घ ईकार असे पाच संकेत द्यावे लागतात. अदृश्य चिन्ह गाळले गेले, तर देशाचे नावच तुटक उमटते. प्रारंभीच्या काळात अनेक यंत्रे ते चिन्ह निरुपयोगी समजून गाळीत. २००४ मध्ये प्रमाणाची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि व्हिस्टा या संगणकप्रणालीबरोबर ‘इस्कोल पोत’ हा सिंहल टंक घरोघर पोहोचला, तेव्हा कोठे परिस्थिती सावरली.

लिहिण्याची सोय झाल्यावर भाषेची जाण यंत्राला देण्याचे काम कोलंबो विद्यापीठाच्या संगणक विद्यालयात २००४ च्या सुमारास स्थापन झालेल्या भाषातंत्र प्रयोगशाळेने अंगावर घेतले. रुवन वीरसिंघे आणि त्यांचे सहकारी यांनी, कॅनडाच्या साहाय्याने व लाहोरच्या संशोधनकेंद्राच्या सूत्रसंचालनाखाली चाललेल्या आशियाई भाषांच्या प्रकल्पातून, एक कोटी शब्दांचा सिंहल मजकूर संकलित केला. या संग्रहावाचून पुढची पावले पडली नसती. उच्चार करणारे यंत्र करावयाचे, तर व्यंजनातील अंगभूत अकार केव्हा पूर्ण आणि केव्हा अस्फुट उच्चारावयाचा, याचे नियम लागतात. शब्दाच्या आरंभी तो बहुधा पूर्ण असतो, पण ‘करनवा’ (करणे) या नित्याच्या क्रियापदात आरंभीच अस्फुट होतो. या नियमांची संहिता प्रयोगशाळेने २००६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे सिंहल बोलणारे यंत्र सिद्ध केले.

शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाची अडचण मराठी वाचकाला विशेष उद्बोधक वाटेल. न आणि ण, ल आणि ळ यांच्या उच्चारातील भेद सिंहली माणसाच्या तोंडून केव्हाच लोपला आहे, लेखनात मात्र तो काटेकोरपणे पाळावा लागतो. ‘कळ’ म्हणजे केलेले आणि ‘कल’ म्हणजे काळ. कानाला दोन्ही एकच. आपले मूल हा भेद ऐकून शिकते, तेथील मुलाला तो पाठ करावा लागतो, आणि म्हणूनच शाळकरी मुलापासून वृत्तपत्राच्या उपसंपादकापर्यंत सर्वांची चूक याच ठिकाणी होते. प्रयोगशाळेने ‘सुबस’ हे साधन रचताना नियमांची जंत्री बाजूस ठेवली आणि संग्रहात कोणते रूप किती वेळा आढळते यावरून योग्य पर्याय निवडण्याची पद्धत स्वीकारली.

अभ्यासकांच्या नित्य उपयोगात आलेली साधने प्रयोगशाळेबाहेरही निर्माण झाली. १९२७ साली आरंभिलेला सिंहलचा महाकोश पूर्ण होण्यास १९९२ साल उजाडले. त्यानंतर दहा वर्षांनी, २००२ मध्ये, मदुर कुलतुंग या तरुणाने इंग्रजी-सिंहल शब्दकोशाचा संगणकीय कार्यक्रम लोकांना विनामूल्य दिला.

भाषांतराच्या क्षेत्रात बुद्धित हेट्टिगे व अशोक करुणानंद यांनी इंग्रजीतून सिंहलमध्ये नियमाधिष्ठित भाषांतर करणारी प्रणाली रचली. २०१९ मध्ये सिंहल व नेपाळी यांच्यासाठी परीक्षणाची वाक्ये प्रसिद्ध झाली, आणि संख्याशास्त्रावर व कृत्रिम मज्जाजाळ्यांवर उभारलेल्या नव्या पद्धतीही या भाषांत किती कच्च्या ठरतात हे उघड झाले. मोरटुव विद्यापीठातील गिहान डायस, सुरंगिका रणतुंग प्रभृतींनी अधिक निकडीचा प्रश्न हाती घेतला: सरकारी कागदपत्रे सिंहल आणि तमिळ दोन्हींत निघाली पाहिजेत, पण दोन्ही भाषा जाणणारे भाषांतरकार अपुरे. राजभाषा खात्याच्या सहकार्याने त्यांनी ‘सि-त’ ही प्रणाली विकसित केली, जी भाषांतरकारापुढे कच्चा मसुदा ठेवते. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे शब्दक्रमाचा फारसा अडथळा नाही. अडते ते प्रत्ययांच्या वैपुल्यापाशी आणि खात्यांच्या नावांपाशी, हुद्द्यांपाशी, कायद्याच्या संज्ञांपाशी. म्हणून त्या संज्ञांच्या द्विभाषिक याद्या तयार करून त्या प्रणालीत जोडण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले.