सूर्याची लावणी, चंद्राची पंचमी

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा नेम पाळायचा तर घरामागे परस हवंच. नांगरलेल्या शेतातला तांदूळ त्या दिवशी वर्ज्य. चालतं ते माणसाने हाताने खणून, आळं करून लावलेलं: अळू, सुरण, पडवळ, शिराळं, भेंडी, लाल भोपळा, तवसं, माठ, मक्याचं कणीस. दापोलीच्या आमच्या किनाऱ्यावर जुन्या बायका ही भाजी विकत आणायला राजी नसत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गणपतीवर माटोळी बांधतात, तिच्यासाठीही आदल्या दिवसापर्यंत फळं-भाज्या तयार असाव्या लागतात. म्हणजे परसाला मुदत होती. आमच्याकडच्या परसबागेचा सगळा इतिहास मला या मुदतीभोवती फिरलेला दिसतो.

लावणी चालते सूर्यावर आणि पंचमी येते चंद्रावर, खरी अडचण ही. सूर्य मृगात शिरतो 7-8 जूनला, आर्द्रेत 21-22 जूनला, पुनर्वसूत 5-6 जुलैला. या तारखा आपल्या आयुष्यात तरी जागच्या हलत नाहीत. भाद्रपद शुद्ध पंचमी मात्र दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत जाते आणि अधिक महिना पडला की एकदम लांबते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, पंचमी आली 20 सप्टेंबरला. 2025 मध्ये ती 28 ऑगस्टलाच आली. 8 जूनला लावलेल्या वेलाला एका वर्षी 104 दिवस मिळाले आणि दुसऱ्या वर्षी 81. 81 दिवसांत मांडव भरून लोंबत असतो. 104 दिवस झाले की मृगातल्या तवशाची पानं पिवळी पडलेली असतात आणि वेलावर उरलेली असतात ती वाकडी, किडकी फळं.

माझ्या आजेसासूबाई नवं पंचांग घरात आलं की आधी पंचमी कोणत्या तारखेला आहे ते विचारत. नक्षत्रांची वाहनं त्यानंतर. बेडूक, म्हैस, हत्ती ऐकलं की चेहरा खुलायचा, कोल्हा ऐकलं की गप्प होत. पण वाहनावर विसंबून त्यांनी सगळं बी कधी एका दिवशी मातीत घातलं नाही. बियांचे तीन वाटे व्हायचे: एक मृगाला, एक आर्द्रेला आणि एक वर आढ्यालाच राहायचा, पुनर्वसूपर्यंत. पंचमी लवकर असेल तर पहिला वाटा मोठा, उशिरा असेल तर दुसरा. पाऊस वेळेवर आला तरी हे असंच चालायचं, कारण पावसाचा लहरीपणा त्यांनी धरूनच ठेवला होता. हल्ली ‘पूर्वी ऋतू शिस्तीत होते’ असं सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. शिस्तीत असते तर तिसरा वाटा राखून ठेवायची चाल पडलीच नसती.

नक्षत्रंसुद्धा अढळ नाहीत. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, त्यामुळे सूर्याचा मृगप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे 71 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. आजच्या कॅलेंडरने मोजलं तर शिवाजी महाराजांच्या काळी मृग पाचेक दिवस आधी लागत होता, हजार वर्षांपूर्वी तर दोन आठवडे आधी. तरी परसं पिकत राहिली, कारण बायकांचं लक्ष आकाशाइतकंच मातीवर होतं. आळ्यातली माती मुठीत दाबायची. चिखल हाताला लागला तर थांबायचं, मूठ उघडल्यावर गोळा भुसभुशीत फुटला तर बी टोचायचं.

नवं स्वीकारायलाही या परसाने कधी नाही म्हटलं नाही. ऋषींच्या नावाने शिजणाऱ्या भाजीतला लाल भोपळा आणि मका हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, तिकडचा सागरी रस्ता युरोपीयांना सापडल्यानंतर आपल्याकडे रुजलेले. व्रताने त्यांना पंगतीत बसवलं ते एकाच कसोटीवर: बैलाशिवाय येतात का? भेंडीचंही मूळ आफ्रिकेत शोधतात. कर्मठ म्हणवणाऱ्या घरांमधल्या बायकांनी ही मोकळीक दाखवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मात्र बियाचं जपणं कडक होतं. वेलावरचं पहिलं, सरळ, निरोगी फळ बियासाठी सोडायचं. त्याला चिंधी बांधली की घरातलं पोरसुद्धा हात लावत नसे. पडवळ लालबुंद पिकू द्यायचं. शिराळं वेलावरच वाळवून तसंच आढ्याला टांगायचं. तवशाच्या बिया राख आणि शेणात कालवून चुलीजवळच्या भिंतीला थापायच्या, धुरामुळे कीड लागत नाही. शिवाय लेक सासरी निघाली की तिच्या सामानात बियांची पुरचुंडी असायची. तो भावनेचा भाग होताच, पण त्यात हिशेबही होता, आणि तो हिशेब आम्हाला 2020 मध्ये कळला.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं. मृगाला चारच दिवस होते. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले आणि आढ्याला टांगलेलं बी पावसात भिजून गेलं. आळीतल्या बहुतेक घरांत हीच गत. कितीतरी दिवस वीज नव्हती. रस्ता जरा मोकळा झाला तशी खेडच्या नणंदेने पुरचुंडी पाठवली आणि निरोप दिला, “वहिनी, हे आपल्याच तवशाचं आहे. मला आईने दिलेलं, ते मी दर वर्षी लावत आलेय.” घाटाच्या बाजूच्या त्या परसात आमचं बी सुखरूप होतं. त्या वर्षीची लावणी आर्द्रेत झाली. सुपारीची सावली गेल्यामुळे ऊन थेट जमिनीवर पडत होतं, आणि वेल असे फोफावले की मांडव दोनदा वाढवावा लागला.

परसाचं आजचं दुखणं पाऊस लवकर येण्यापेक्षा त्याच्या उशिरा जाण्यात जास्त आहे, असं माझं मत आहे. 2025 मध्ये मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच पाऊस कोकणात आणि मुंबईत पोचला, मृगाला माती वाफशावर नव्हतीच, पहिल्या वाट्यातलं पुष्कळ बी कुजलं. पण दुसरा वाटा होता. बियासाठी ठेवलेलं फळ कुजलं तर मात्र दुसरा वाटा नसतो. मुंबईहून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी 29 सप्टेंबर धरत. 2020 मध्ये हवामान खात्याने ती 8 ऑक्टोबर केली. हस्त-चित्रातल्या उन्हात पिकून वाळायचं फळ आता भिजत लोंबतं. मग बाजारातलं संकरित बियांचं पाकीट येतं. पीक भरघोस देतं, पण त्याच्या फळातलं बी पुढल्या वर्षी तसंच निपजत नाही, आणि नणंदेकडे ठेवायला काही उरत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसापासून सुरुवात करून गावरान वाणांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या कामाला त्यांनी हात घातला ते आमच्याकडे दर घरी चालायचं, हे आठवलं की अभिमानही वाटतो आणि काळजीही.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला. म्हणून दुसरा वाटा मोठा ठेवायचा. बियाचं तवसं मात्र मृगातल्या वेलावरचंच धरायचं, म्हणजे श्रावणातल्या उघडिपीत ते पिकेल आणि उतरवून चुलीवरच्या फळीवर वाळवता येईल. खेडला, चिपळूणला आणि पुण्यात धाकट्या जावेच्या गच्चीवर एकेक पुरचुंडी जायची आहे. जाऊबाईंनी कुंडी मोठी घेतली आहे का, एवढं विचारायचं राहिलंय.