साचा फुटला की उरते ती वस्तू

चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीचे डोंगर उतरून दक्षिणेला गेलं की तेलंगणाचा कुमरम भीम आसिफाबाद जिल्हा लागतो. सीमा नेमकी कुठून जाते, यावरून इथल्या काही गावांचा वाद अजून मिटलेला नाही. या डोंगरपट्ट्यातल्या उशेगाव आणि केसलागुडा या गावांत वोज समाजाची घरं आहेत. ही माणसं मेणाच्या पद्धतीने पितळ ओततात. उलट दिशेला, गडचिरोलीच्या पूर्वेला बस्तरमध्ये, कोंडागावचे घडवे हेच काम करतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपले दोन जंगल जिल्हे या दोन भट्ट्यांच्या मधे पडतात. गोंडांच्या देवांच्या मूर्ती, घंटा, नाचातले घुंगरू, अंगावरचे दागिने पिढ्यान्‌पिढ्या अशाच हातांतून आले.

शिल्पासारखं घडवलेलं कांस्याचं टेबल ही आज जगभरच्या संग्राहकांची हौस आहे. त्याची कुळकथा सांगणारे बहुतेक पॅरिसपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती भट्टीपासून सांगायला हवी, कारण टेबल असो की देव, धातू ओतायचा म्हणजे आधी त्याची पोकळी तयार करावी लागते, आणि ती करण्याची सर्वांत जुनी युक्ती मेणाची आहे.

आधी मातीचा गाभा घडवतात. वारुळाची किंवा नदीकाठची बारीक माती, तिच्यात भाताचा तूस आणि शेण. गाभा वाळला की त्यावर मेण चढतं. इथे या कारागिरांची खरी ओळख दिसते. ते मेणाचा सपाट थर देत नाहीत. मधाच्या पोळ्याच्या मेणात राळ मिसळून ते मऊ करतात, भोकं पाडलेल्या चकतीतून सोऱ्यातल्या शेवेसारखं दाबून त्याचं लांब सूत काढतात, आणि ते सूत गाभ्यावर एकाला एक चिकटवून गुंडाळतात. हत्तीच्या पाठीवरच्या रेघा, देवीच्या केसांच्या बटा, घोड्याच्या झुलीची नक्षी, हे सगळं या सुताचंच असतं. धातूवर नंतर कोरलेलं फारच थोडं. त्यामुळे ओतलेल्या वस्तूवर कारागिराच्या बोटांचा दाब जसाच्या तसा उतरतो. सूत कुठे तुटलं, कुठे जोडलं, कुठे जास्त दाबलं, हे जाणत्या डोळ्याला दिसतं.

मेणावर पुन्हा मातीचे थर. पहिला थर अगदी गाळीव मातीचा, कारण नक्षी तोच उचलतो. मग जाड थर, आणि त्यात धातू आत जायला वाट. भट्टीत मेण वितळून जातं. त्याला पासष्ट अंशांची धगही पुरे होते, पितळाला मात्र नऊशेच्या पुढे जावं लागतं. रिकाम्या झालेल्या जागेत धातू भरतो. निवल्यावर साचा फोडायचा. तो एकदाच वापरता येतो. म्हणून तशीच दुसरी वस्तू हवी असेल तर गाभ्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि दुसरी कधी हुबेहूब पहिलीसारखी होत नाही.

धातू मात्र कुठून आला ते सांगता येत नाही. चंद्रपूरच्या ठाणेवासना आणि दुबारपेठला जमिनीत तांबं सापडलेलं आहे, पण ओतकाम करणारे बहुधा मोडीची भांडी वितळवतात. एखाद्या देवाच्या अंगात कुणाच्या घरची घागर असेल, कुणाचा तांब्या असेल. या वस्तूंना कांस्य म्हणायची पद्धत आहे, प्रत्यक्षात तांब्यात कथलापेक्षा जस्तच जास्त असतं, म्हणजे ते पितळ.

ही युक्ती किती जुनी? मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी १९२६ मध्ये सापडली, ती मेणाच्याच पद्धतीची मानतात. महाराष्ट्रातला ओतीव धातूचा सर्वांत थोर ठेवा प्रवरेकाठच्या दायमाबादचा. १९७४ साली छाबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाच्या बुंध्याशी खणताना तो मिळाला: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, मिळून साठ किलोंहून जास्त. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. हत्ती उभा आहे तो एका चौरंगावर, आणि त्या चौरंगाच्या चार पायांना चाकांच्या आसासाठी भोकं आहेत. धातूच्या फळीला पाय देऊन वर शिल्प उभं करायची कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

वस्तू कुठून आली, हा कुळीचा प्रश्न किती महत्त्वाचा ते याच दायमाबादच्या वस्तूंवरून कळतं. त्या शास्त्रीय उत्खननाच्या थरात मिळाल्या नाहीत. पुढे एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं आणि त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली, कारण धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं, जे त्या काळच्या इतर वस्तूंत आढळत नव्हतं. थर हरवला की चार हजार वर्षांची वस्तूसुद्धा वादात अडकते.

पॅरिसमध्ये हाच प्रश्न पैशाच्या भाषेत येतो. शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्तीचा धाकटा भाऊ डिएगो (१९०२ ते १९८५) याने कांस्याच्या टेबलांना फांद्या, पाखरं, मांजरं दिली. पिकासो संग्रहालयाचं फर्निचर त्याचंच. तो गेल्यावर त्याच्या नावाचा नकली माल इतका निघाला की फ्रान्समध्ये खटले चालले. ओतीव शिल्पाच्या बारापर्यंतच प्रती तिथे मूळ मानतात, आठ क्रमांकाच्या आणि चार कलाकाराच्या. कुणाची, कितवी, कुठून कुणाकडे गेली, हे लिहिलेलं असेल तरच टेबलाला मोल.

वोजाच्या घरातली प्रत्येक वस्तू मुळातच एकुलती एक असते. तरी तिच्याबरोबर कागद नसतो. आता शहरांतल्या दुकानांत ढोकरा, म्हणजे या मेणाच्या ओतकामाचे पाय लावलेली टेबलं, दिवे, बैठका मिळतात. पाटीवर ‘आदिवासी कला’ एवढंच लिहिलेलं असतं. शिल्पकार मीरा मुखर्जी बस्तरमध्ये जाऊन घडव्यांकडून ओतकाम शिकल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी भारतातल्या धातुकारांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं नाव कलेच्या इतिहासात आहे, ते असायलाच हवं. पण घडव्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? कोंडागावचे जयदेव बघेल यांच्यासारखी अगदी थोडी. नाव मिळतं तेव्हा काय होतं ते आपण वारली चित्रात पाहिलं आहे. जिव्या सोमा मशे १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ प्रदर्शनात स्वतःच्या नावाने मांडले गेले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर वारली चित्राखाली सही शोधली जाऊ लागली.

बस्तर ढोकऱ्याला २००८ मध्ये आणि आदिलाबाद डोक्र्याला, म्हणजे उशेगाव-केसलागुड्याच्या कामाला, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते प्रदेशाचं संरक्षण आहे, चांगलंच आहे. पण १९९९ च्या त्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराची स्वतःच्या नावाने नोंद होऊ शकते, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

म्हणून ओतकामाची वस्तू घेताना, ती टेबल असो वा मुठीएवढा देव, कारागिराचं नाव, गाव आणि साल बिलावर लिहून मागा. दुकानदार देऊ शकत नसेल तर उशेगावला, केसलागुड्याला, कोंडागावला जाऊन घ्या.