छपरावरचा अँटेना आणि विमानतळाचे रडार

२ ऑगस्ट १९८५. फोर्ट लॉडरडेलहून लॉस एंजेलिसकडे निघालेले डेल्टा एअरलाइन्सचे १९१ क्रमांकाचे विमान वाटेत डॅलस-फोर्ट वर्थ येथे उतरत होते. धावपट्टी जवळ आलेली असताना वादळी ढगातून हवेचा प्रचंड लोट खाली कोसळला आणि विमान जमिनीवर आदळले. १३७ माणसे गेली. त्यांतला एक तर महामार्गावरून मोटारीने जाणारा. वायफायच्या नियमांची कथा येथून सुरू करणे विचित्र वाटेल, पण थोडा धीर धरा.

या लोटाला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्यात शिरताना विमानाला आधी समोरून जोराचा वारा मिळतो, ते उचलले जाते, वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करतो; आणि क्षणात तोच वारा पाठीमागून वाहू लागतो. तेत्सुया फुजिता यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना मांडली, तेव्हा अनेक हवामानतज्ज्ञांना ती पटली नव्हती. डॅलसनंतर मात्र अमेरिकेने मोठ्या विमानतळांजवळ हा लोट हेरणारी खास डॉपलर रडारे उभारली. त्यांचा पट्टा ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ.

२००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने त्याच परिसरातील पट्टे वायरलेस नेटवर्कनाही खुले केले. अट एकच : घरमालकाची झोप मोडायची नाही. यंत्राने वाहिनी वापरण्यापूर्वी किमान ६० सेकंद कान देऊन ऐकावे. रडारची स्पंदने जाणवली, तर १० सेकंदांत वाहिनी सोडावी आणि ३० मिनिटे तिकडे फिरकू नये. कागदावर व्यवस्था सुरेख होती.

२००९च्या आरंभी पोर्तो रिकोच्या सान हुआन येथील रडारच्या पडद्यावर पाऊस नसलेल्या दिशांना चक्राच्या आऱ्यांसारखे पट्टे उमटू लागले. अभियंत्यांनी माग काढला, तेव्हा उंच इमारती आणि मनोरे यांवर इंटरनेट पुरवठादारांनी लावलेली वायरलेस यंत्रे सापडली. घरातील राउटरला भिंतींचा अडसर असतो. या अँटेनांना रडार थेट दिसत होते. काही यंत्रांना स्पंदने ओळखताच येत नव्हती. काही ठिकाणी तर रडार ओळखण्याची सोयच बंद केलेली होती. कित्येकदा त्यासाठी सेटिंगमध्ये देश बदलणे पुरेसे असे! यात दुष्टावा क्वचितच असावा. ग्राहकाचे इंटरनेट मधूनच तुटते, म्हणून केलेली ती 'दुरुस्ती' होती. मला हे दुष्टाव्याहून अधिक भयावह वाटते.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१० मध्ये उत्पादक व पुरवठादारांना पत्र धाडले : रडारपासून ३५ किलोमीटरच्या आत असाल, तर त्याच्या वारंवारतेपासून किमान ३० मेगाहर्ट्झ दूर राहा. पुढे हजारो डॉलरचे दंडही झाले. तेवढ्याने भागेना, म्हणून २०१४ मध्ये नियम आला की यंत्राच्या रेडिओचे सॉफ्टवेअर कुणा तिऱ्हाइताला बदलता येऊ नये.

आणि येथे नवेच वादळ उठले. आपल्या राउटरवर मुक्त सॉफ्टवेअर चढवणाऱ्या हौशी मंडळींना वाटले, कुलूप रेडिओला लावायचे म्हणून कंपन्या सगळे यंत्रच बंद करतील. भीती अगदीच निराधार नव्हती, कारण एकच कुलूप लावणे उत्पादकाला स्वस्त पडते. अखेर २०१५ मध्ये आयोगाला स्पष्ट करावे लागले की बंधन फक्त रेडिओच्या मापदंडांवर आहे, सबंध राउटरवर नाही.

भारतात ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. छपरावर अँटेना बसवणारे आता आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत, आणि सेटिंगमधील देशाची ती यादीही.