तिसऱ्या पिनेचा प्रवास

राजगड-तोरण्याच्या परिसरातील विंझर असो वा भोर-वेल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव, तेथील घरांच्या बोर्डात आज जी गोल पिनांची थ्री-पिन खोचली जाते, तिचा आराखडा १९३४ च्या एका ब्रिटिश मानकातून आला आहे. ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांच्या, पोटात फ्यूज असलेल्या प्लगचे मानक काढून गोल पिनांना हळूहळू रजा दिली. भारताने मात्र जुनाच आराखडा ठेवला आणि पुढे आयएस १२९३ या मानकात बसवला. परिणामी मर्यादेबाहेर प्रवाह गेल्यास वितळून तुटणारी तार, म्हणजे फ्यूज, आपल्या प्लगमध्ये नसून मुख्य बोर्डावरील चिनी मातीच्या ‘किटकॅट’मध्ये राहिली, आणि ती जळाली की हाताला लागेल ती जाड तार गुंडाळून तिचा उद्देशच मोडीत काढला गेला.

तिसरी पिन इतर दोघींपेक्षा जाड व लांब असते, त्यामुळे ती सॉकेटात सर्वांआधी शिरते, सर्वांशेवटी सुटते आणि इस्त्रीच्या किंवा शेगडीच्या धातूच्या अंगावर उतरलेली वीज जमिनीकडे नेते. मात्र त्यासाठी घराशेजारी मीठ-कोळशाचा, ओलसर राखलेला अर्थिंगचा खड्डा लागतो. जेथे तो खणलाच गेला नाही, तेथे पावसाळ्यात भिंतींना ओल चढलेली असतानाही ही पिन मुकीच राहिली. प्लग नसेल तर वायरीची सोललेली टोके काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठासण्याची युक्ती तर खेड्यापाड्यांत सर्रास चालली, आणि तिला कौशल्य म्हणावे की बेफिकिरी, असा प्रश्नही फारसा कोणी विचारला नाही.

बेकेलाइट या कडक, उष्णता सहन करणाऱ्या प्लास्टिकचा जुना प्लग पेचकसाने उघडता येई, म्हणून तो टाकण्यापेक्षा दुरुस्त होई. जाणता वायरमन वायर बोर्डापासून सोडवून मगच काम सुरू करी. तारेचे केस पिळून स्क्रूच्या फिरण्याच्याच दिशेने गुंडाळी, एकही केस बाहेर राहू देत नसे, वरचे आवरण पट्टीखाली आवळी आणि अर्थची तार मुद्दाम लांब ठेवी, म्हणजे वायर ओढली गेलीच तर ती सर्वांत शेवटी निसटे. लाल-काळी-हिरवी ही जुनी आणि तपकिरी-निळी-हिरवीपिवळी ही नवी, अशा रंगांच्या दोन भाषा त्याला येणे भाग होते.

वायरीसकट ओतीव घडवलेला, न उघडणारा प्लग आला आणि दुरुस्तीऐवजी कापाकापी सुरू झाली. कापलेल्या प्लगला उघड्या तारांचे शेपूट राहिले आणि पोराने तो सॉकेटात घातला, तर त्या तारा जिवंत होतात. म्हणून शेपूट मुळाशी छाटून पिना वाकवल्यावरच तो टाकावा लागतो. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत, तरी गावात असा माल बहुधा भंगारातच जातो. तांब्यासाठी वायर जाळली की पीव्हीसीच्या आवरणातून विषारी धूर निघतो. पितळी पिना वितळून पुन्हा बाजारात येतात, आणि बेकेलाइटचे काळे कवच, एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा वितळत नसल्याने, कवडीचाही भाव न मिळता उकिरड्यावर उरते.